अनोळखी रुग्णाला बोन मॅरो द्यायचा, तर 'हो' कधी म्हणायचं?

गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, फॉर्मवर सही करायची, झालं. स्टेम सेल दाता म्हणून नोंदणी एवढीच असते. खरा निर्णय घ्यावा लागतो तो 'तुमचं एका रुग्णाशी जुळतंय' असा फोन आल्यावर. तो दोन महिन्यांनी येईल, दहा वर्षांनी येईल किंवा कधीच येणार नाही.

बोन मॅरो म्हणजे अस्थिमज्जा, हाडांच्या पोकळीतला मऊ गर. रक्तपेशी इथेच तयार होतात. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया अशा आजारांत हा कारखानाच बिघडतो आणि अनेकदा दुसऱ्याच्या निरोगी मूळ पेशी हाच बरं होण्याचा मार्ग उरतो.

त्यासाठी रक्तगट जुळला नाही तरी चालतं, एचएलए जुळावं लागतं. ही पेशींवरची ओळखखूण निम्मी आईकडून येते, निम्मी वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच. बाकीच्यांना परका दाता शोधावा लागतो. जगभरात ४ कोटींहून जास्त दाते नोंदलेले आहेत, पण एचएलए वंशानुसार बदलतं आणि या यादीत भारतीय फार कमी. भारतात चेन्नईची 'दात्री', 'डीकेएमएस फाउंडेशन इंडिया' अशा संस्था नोंदणी करतात.

'मणक्यात सुई खुपसतात' ही भीती घरोघरी ऐकू येते. ती चुकीची आहे. बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्याने मूळ पेशी रक्तात उतरतात. मग प्लेटलेट दान करतात तसं काही तास मशीनला जोडून त्या वेगळ्या काढतात. त्या दिवसांत अंग दुखतं, डोकं दुखतं. कधी कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढावी लागते. मग काही दिवस कंबर ठणकते. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. लग्नाच्या मुलीची आई हमखास विचारते तो प्रश्न मूल होण्याचा. दानामुळे त्यात अडथळा येत नाही.

दात्याला पैसे मिळत नाहीत, त्याला खर्चही करावा लागत नाही. सुरुवातीला दोघांनाही एकमेकांचं नाव कळू देत नाहीत.

दाता कधीही माघार घेऊ शकतो, त्याच्यावर सक्ती नसते. मात्र प्रत्यारोपणाआधीचे काही दिवस रुग्णाला जबर केमोथेरपी देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. त्यानंतर दात्याने नकार दिला, तर रुग्णाच्या जिवावर बेततं. घरच्यांच्या दबावाखाली ऐनवेळी येणारा नकार म्हणूनच सगळ्यात घातक. नाही म्हणायचं असेल तर ते फोन आल्यावर लगेच सांगणं बरं, म्हणजे डॉक्टरांना दुसरा दाता शोधायला वेळ मिळतो. आणि हो म्हणायचं असेल, तर आईवडील, नवरा-बायको यांच्याशी नोंदणीच्या दिवशीच बोलून ठेवावं.

प्रत्यारोपण यशस्वी झालं की रुग्णाचा रक्तगट हळूहळू दात्याचा होतो. 'बी पॉझिटिव्ह' माणूस काही महिन्यांनी 'ओ पॉझिटिव्ह' झालेला असू शकतो.