बर्लिनचा निळा, पुण्याचा पांढरा

करंजाचं तेल, म्हणजे कोकणातलं करंजेल, पूर्वी दिव्यात जळायचं आणि गुरांच्या खरजेवर लागायचं. कडू आणि उग्र वासाचं, त्यामुळे फोडणीत जाण्याची भीती नाही. डिझेलला पर्याय शोधणाऱ्यांना अशीच तेलं हवी होती. पण बी पडून राहिलं की त्यातल्या तेलात सुटी मेदाम्लं वाढतात, आणि तिथे गाडी अडते.

बायोडिझेलची रूढ रीत सोपी आहे. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवायचं. ग्लिसरीन खाली बसतं, वर बायोडिझेल तरंगतं. तेल आम्लट असेल तर सोडा आधी आम्लालाच गाठतो आणि साबण होतो. मग धुवायला पाणी हवं, आणि सोडा तर दर घाण्याला नवा.

या दुखण्यावरचा एक उतारा पुण्यात निघाला. त्याचं कूळ मात्र अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडतं.

डीसबाख नावाच्या रंगाऱ्याला किरमिजी किड्यांपासून लाल रंग करायचा होता. कथा अशी सांगतात, की त्यानं डिपेल या किमयागाराकडून पोटॅश आणला. तो प्राणिज तेलानं बाटलेला होता. त्यात हिराकस पडल्यावर लालऐवजी गर्द निळा रंग उतरला. हे साल १७०६च्या आसपासचं. प्राणिज अंशातल्या कार्बन-नायट्रोजनपासून सायनाइड तयार झालं होतं आणि लोहानं ते धरून ठेवलं होतं. हाच प्रशियन ब्लू. लाल रंग बिघडला आणि चित्रकारांची चंगळ झाली!

१७५२मध्ये फ्रेंच रसायनज्ञ माकेर यांनी हा निळा अल्कलीत उकळला. त्यातून जे हाती लागलं, त्याला आज आपण फेरोसायनाइड म्हणतो. नावानं दचकू नका: यात लोह सायनाइडला इतकं घट्ट धरतं, की मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते अल्प प्रमाणात मिठातही घालतात. याच्या द्रावणात जस्ताचं क्लोराइड ओतलं की पांढरा साका बसतो. निळ्याच्या घराण्यातला हा पांढरा भाऊ. या जातीच्या द्विधातू (दोन धातूंच्या) सायनाइडांना १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल टायर कंपनीनं बहुवारिकं बनवण्याच्या कामाला लावलं.

तेलावरचा प्रयोग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला. डी. श्रीनिवास, पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये लोह-जस्ताच्या द्विधातू सायनाइडावरचं काम प्रसिद्ध केलं. त्याच्या पृष्ठभागाला पाणी आवडत नाही आणि तिथलं जस्त आम्लासारखं वागतं. त्यामुळे तेल आणि सुटी मेदाम्लं दोन्हींचं एकाच भांड्यात बायोडिझेल होतं, साबणाचा घोटाळा होत नाही. हा उत्प्रेरक घन असल्यानं शेवटी गाळून घ्यायचा आणि पुढच्या घाण्याला वापरायचा.

खोट एकच. त्याला सुमारे १७० अंश सेल्सिअस लागतं आणि मिथेनॉल ६५ अंशांनाच उकळतं. म्हणजे दाब सोसणारं बंद पात्र आलं. गावच्या शेडमधला हा खेळ नाही, ही कारखान्याचीच वस्तू.

आणि कारखान्याला बी लागतं. इथे आपलं घोडं पेंड खातं. करंजासारख्याच न खाण्याच्या तेलाच्या जट्रोफाच्या लागवडींनी अपेक्षेइतकं बी दिलंच नाही. भारताच्या २००९च्या जैवइंधन धोरणात २०१७पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं होतं. २०१८च्या धोरणात हे लक्ष्य २०३०पर्यंत ५ टक्के झालं.