‘झपाटा’ नावाची फाईल

आजची गोष्ट एका फाईलपासून सुरू होते.

पहिल्या नोकरीत मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. कॉल सेंटरना फोनची यंत्रणा उभारून द्यायची, हे आमचं काम. एका गिऱ्हाईकाकडचा जुना सर्व्हर बदलायचा होता. त्यावर ॲस्टरिस्क होतं, १.४ आवृत्ती. सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक फाईल दिसली: झपाटा डॉट कॉन्फ. मी सीनियरला विचारलं, "दादा, हे नाव कुणा मराठी माणसानं दिलंय का?" तो हसला. "नाही रे. आणि नव्या सर्व्हरवर ती फाईल नसतेच, तिथं डाहडी असतं. चल, आटप." विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही.

आधी ॲस्टरिस्क म्हणजे काय ते सांगतो. ऑफिसला फोन केलात की "विक्रीसाठी एक दाबा" ऐकू येतं, मग कॉल आतल्या कुणाकडे तरी जातो. हे करणारं यंत्र म्हणजे पीबीएक्स, ऑफिसचं स्वतःचं एक्स्चेंज. १९९९ साली अमेरिकेतल्या अलाबामात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्यानं लिनक्सवाल्यांना मदत पुरवणारी कंपनी काढली. तिला एक्स्चेंज हवं होतं, विकत घेणं परवडत नव्हतं. मग पठ्ठ्यानं ते स्वतःच लिहिलं आणि जीपीएल परवान्याखाली खुलं केलं. ही गोष्ट शंभर ठिकाणी सापडते, आणि बहुतेक ठिकाणी इथंच संपते.

पण थांबा. सॉफ्टवेअर लिहिलं, ठीक. फोनची तार कम्प्युटरात शिरणार कशी?

त्या काळी त्यासाठी महागडी कार्डं मिळायची. महाग का, तर आवाजावर प्रक्रिया करायला त्या कार्डावरच खास चिप असायच्या. जिम डिक्सन नावाच्या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की साध्या पीसीचा प्रोसेसरच आता इतका वेगवान झालाय, की हे काम तो करू शकेल. मग कार्डानं करायचं काय? फक्त हमाली! तारेवरून आलेले आकडे उचलायचे आणि मेमरीत टाकायचे. फोनचा आवाज म्हणजे सेकंदाला ८००० नमुने. कार्ड प्रोसेसरला सेकंदाला १००० वेळा हाक मारतं आणि प्रत्येक हाकेला प्रत्येक लाइनचे आठ-आठ नमुने हातात देतं. बाकी सगळं सॉफ्टवेअर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं सांगतो, चहा थंड झाला.

डिक्सननं कार्डाचं नाव ठेवलं तोर्मेंता, स्पॅनिशमध्ये वादळ. प्रकल्पाला नाव दिलं मेक्सिकोचा क्रांतिकारक एमिलियानो सापाता याचं. जमीन कसणाऱ्यांना मिळावी म्हणून लढलेला, १९१९ मध्ये मारला गेलेला माणूस. त्याचं स्पेलिंग इंग्रजी धाटणीनं वाचलं की होतो आमचा झपाटा. डिक्सननं कार्डाचा आराखडाही सगळ्यांसाठी खुला केला. ड्रायव्हर आधी फ्रीबीएसडीसाठी होता, मग त्यानं लिनक्ससाठीही कसाबसा जमवला. तो पाहून अलाबामातून स्पेन्सरनं संपर्क साधला: ड्रायव्हर मी नीट करतो, आणि त्यावर चालेल असं काहीतरी माझ्याकडे आहे. ते काहीतरी म्हणजे ॲस्टरिस्क. १.० आवृत्ती आली २००४ मध्ये.

आपल्याकडे या कार्डाचं महत्त्व जरा वेगळं होतं. २००२ पासून भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली खरी, पण इंटरनेटवरचा कॉल देशातल्या साध्या फोनला जोडायला कित्येक वर्षं मनाई होती. त्यामुळे देशातल्या गिऱ्हाइकांना फोन लावणाऱ्या कॉल सेंटरला पीआरआय लाइन लागायची, एका तारेवर ३० कॉल. ती तार जायची अशाच एखाद्या कार्डात. म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर चालायचं ते त्या तारेच्या जिवावर.

मग नाव का गेलं? ड्रायव्हरला झॅपटेल म्हणत. ते नाव कॉलिंग कार्ड विकणाऱ्या एका कंपनीचा ट्रेडमार्क निघालं. २००८ मध्ये झॅपटेलचं डाहडी झालं आणि झपाटा डॉट कॉन्फही पुढच्या आवृत्त्यांतून गेली. डाहडीतला पहिला ‘डी’ डिजियमचा, म्हणजे स्पेन्सरच्याच कंपनीचा. ती तोवर कार्डांच्या धंद्यात चांगली स्थिरावली होती. यात डिक्सनला कुणी फसवलं असं मला वाटत नाही, कारण कुणीही बनवावं म्हणूनच त्यानं आराखडा खुला केला होता. पण आमच्या ऑफिसात दहा-दहा वर्षं ही कार्डं बसवणाऱ्यांनाही त्याचं नाव माहीत नव्हतं, हे मला खटकलं.

त्या रात्री तो जुना सर्व्हर बंद करण्याआधी मी डाहडीचा सोर्स कोड उघडला. पहिल्याच कॉमेंटमध्ये लेखक म्हणून स्पेन्सरचं नाव आहे. लगेच खाली लिहिलंय, की हे जिम डिक्सन यांच्या आधीच्या कामावर आणि रचनेवर आधारलेलं आहे. मी दादाला हाक मारली आणि स्क्रीन दाखवली. त्यानं वाचलं, "अरेच्चा" म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.