एकाच आतड्यात दोन गाठी

एखाद्या रुग्णाच्या मोठ्या आतड्यात एकाच वेळी कर्करोगाच्या दोन गाठी सापडल्या, तर त्यांना एकाच रोगाचा फैलाव म्हणायचे की दोन स्वतंत्र रोग? प्रश्न वरवर शब्दच्छलाचा वाटेल. पण फैलावलेला रोग बरा होणे अवघड. उलट दोन स्वतंत्र गाठी वेळीच काढल्या तर रुग्ण वाचू शकतो.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी यासाठी कसोट्या घालून दिल्या. दोन्ही गाठी वेगळ्या जागी हव्यात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना भिन्न दिसायला हवी आणि प्रत्येकीचा शरीरात स्वतंत्र फैलाव झालेला हवा. आता गंमत पाहा. आतड्याच्या अस्तरातून उगवणाऱ्या बहुतेक कर्करोगांची रचना सारखीच असते. म्हणजे रचनेच्या अटीवरच आतड्यातली जोडी बाद! व्याख्या आवळली की घटना दुर्मिळ दिसते, हे वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे. १९३२ साली बोस्टनच्या शील्ड्स वॉरेन आणि ऑलिव्ह गेट्स यांनी अटी सैल केल्या. दोन्ही गाठी निश्चितपणे कर्करोगाच्या व एकमेकींपासून अलग असाव्यात, आणि एक दुसरीपासून पसरलेली नाही याची खात्री करावी, एवढे पुरे. आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण ३ ते ५ जणांत अशा जोडगाठी असतात, असे आज मानले जाते.

या गाठींतील काहींचे मूळ एका वेगळ्याच कथेत सापडले. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले, की आमच्या घरात सगळे कर्करोगानेच जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे हसण्यावारी न नेता वंशावळ तयार केली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. बाईंचे भाकीत खरे ठरले. पुढे १९६० च्या दशकात ओमाहा येथील हेन्री लिंच यांना अशीच कुटुंबे आढळली. त्यांत रोग तरुणपणीच होई, स्त्रियांना गर्भाशयाचाही होई, आणि एकाच व्यक्तीला एकाहून अधिक कर्करोग होत. आनुवंशिकतेचा त्यांचा निष्कर्ष अनेक सहकाऱ्यांना दीर्घकाळ पटला नाही.

कोडे सुटायला जिवाणू आणि यीस्ट यांची मदत झाली. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी प्रथिने या सूक्ष्मजीवांत आधीच माहीत झाली होती. १९९३ मध्ये माणसातील तसेच एक जनुक, एमएसएच२, या कुटुंबांत बिघडलेले आढळले. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. या लोकांच्या अस्तरातील प्रत्येक पेशीत जन्मापासून एक प्रत निकामी असते; दुसरीही बिघडली की त्या पेशीत चुका साठत जातात. ही घटना कोणत्याही पेशीत घडू शकते, म्हणून गाठी एकीपेक्षा जास्त. २००० साली त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या कुटुंबातही याच जनुकाचा दोष सापडला.

मात्र प्रत्येक जोडगाठ आनुवंशिक नसते. बऱ्याच रुग्णांत, विशेषतः उतारवयात, आतड्यात अनेक पॉलिप वाढलेले असतात आणि त्यांतील दोन कर्करोगाच्या वाटेला लागतात. १९७० च्या दशकात लवचीक दुर्बीण रुळल्यापासून शस्त्रक्रियेपूर्वी संपूर्ण मोठे आतडे आतून पाहता येऊ लागले. गाठीने वाट अडवली असेल, तर उरलेला भाग शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत तपासतात.