एका एंजिनाची दोन घराणी

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेला रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली अशी जी गावठाणे एकापाठोपाठ लागतात, ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाची वस्ती होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले एमआयडीसी, स्थापन झाले आणि या रस्त्याच्या पूर्वेकडील डोंगरपायथ्याच्या जमिनीवर ठाणे खाडीपलीकडील औद्योगिक क्षेत्र, अर्थात टीटीसी, उभे राहू लागले. पुढे १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नव्या शहराची आखणी झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला आणि मुंबईच्या दाट वस्तीत जागेअभावी गुदमरलेल्या लहान यंत्रशाळांना खाडी ओलांडण्याचा मार्ग मिळाला. मोठ्या रासायनिक कारखान्यांच्या आधाराने रबाळे-महापे पट्ट्यात लेथ, मिलिंग, गिअर कापणे, रबराचे साचेकाम, मुलामा देणे अशी कामे मजुरीवर करून देणारे गाळे वाढले. एखाद्या कारखान्याने आपल्या मालाचा एकच टप्पा बाहेरून करून घ्यावा, या पद्धतीला तेथे जॉब वर्क म्हणतात. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारी पश्चिम भारतात कशा टिकल्या, या प्रश्नाचा विचार करताना तळवलीच्या समोरचा हा पट्टा डोळ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे, कारण या मोटारींचा इतिहास बहुधा त्यांच्या धनिक मालकांच्या नावाने लिहिला गेला आहे, आणि ज्या कारागिरीने त्या चालत्या राहिल्या तिची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

स्पोर्ट्स मोटार म्हणजे सामान्यतः दोन आसनांची, कापडी छताची, वजनाला हलकी आणि वळणावर चपळ अशी गाडी. या वर्गातील सर्वांत परिचित नाव एमजी हे ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीवरून पडले. तिचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यावर देखणी, हलकी शरीरे चढवण्यास सुरुवात केली आणि १९२९ पासून १९८० पर्यंत हे काम ॲबिंग्डन येथील कारखान्यात चालले. म्हणजे जन्मापासूनच ही गाडी सर्वसामान्य गाडीच्या सुट्या भागांवर उभी होती, आणि तिच्या भारतातील आयुष्याचे रहस्य याच एका गोष्टीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला परकीय चलनाची तीव्र निकड असल्यामुळे तेथील कारखान्यांवर निर्यातीची सक्ती होती. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० इतक्या संख्येने तयार झालेली एमजी टीसी ही गाडी सर्वच्या सर्व उजव्या बाजूच्या सुकाणूची होती, त्यामुळे भारतीय रस्त्यांना ती जशीच्या तशी मानवली.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. देशात उत्पादनाचा निश्चित कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांनी नुसती जुळणी थांबवावी, असे धोरण १९५३ मध्ये ठरले. शिवडी येथे १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आपला कारखाना बंद केला, आणि मैदानात राहिल्या त्या प्रामुख्याने तीन देशी कंपन्या : वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स. नव्या परदेशी गाड्यांची आवक जवळजवळ आटली. वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळाच्या लिलावातून मिळत, तेवढाच काय तो मोकळा दरवाजा उरला. गाडी मिळवण्यापेक्षा तिचा एखादा गॅस्केट किंवा बेअरिंग मिळवणे अधिक कठीण होते, कारण सुट्या भागासाठी लागणाऱ्या परकीय चलनाचा परवाना हौसेपोटी कोणी देत नसे.

अशा कोंडीत जुन्या स्पोर्ट्स मोटारी भंगारात जाणे स्वाभाविक होते. तसे सर्वत्र झाले नाही, याचे कारण त्यांची सख्खी भावंडे भारतातच तयार होत होती. हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ॲम्बॅसडर बाजारात आणली आणि १९५९ च्या सुमारास तिच्यात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे १४८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे बी-सीरिज एंजिन बसवले. या एंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला नसून वर, हेडमध्ये असतात. नेमके हेच एंजिन १९५५ मध्ये अवतरलेल्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्स मोटारीतही होते. दोहोंचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३.०२५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा खालीवर प्रवास, ८८.९ मिलिमीटर. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर, अधिक दाब आणि अधिक तीव्र कॅमशाफ्ट यांमुळे ॲम्बॅसडरपेक्षा बरीच जास्त ताकद लाभली होती, परंतु ब्लॉक, बेअरिंगे, टायमिंग चेन, गॅस्केट अशा पुष्कळ गोष्टींत नाते इतके जवळचे होते, की सरकारी कचेरीच्या आवारात उभ्या असलेल्या ॲम्बॅसडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला एमजीएचे बॉनेट उघडल्यावर परके वाटण्याचे कारण नव्हते. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, तरी हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात बी-सीरिजचे उत्पादन त्यानंतरही चालू राहिले. जन्मभूमीत संपलेले घराणे भारतात नांदत राहण्याचे यंत्रेतिहासातील हे एक ठळक उदाहरण मानले पाहिजे.

दुसरे नाते मद्रासचे. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ट्रायम्फ हेराल्डची भारतीय आवृत्ती स्टँडर्ड हेराल्ड या नावाने काढली. इटालियन रेखाकार जोव्हानी मिकेलोत्ती यांनी आखलेल्या या गाडीला स्वतंत्र सांगाडा होता, त्यामुळे शरीर वेगळे करून काम करता येई, आणि तिचे संपूर्ण बॉनेट मडगार्डांसह पुढच्या बाजूला उलटत असल्याने एंजिन व पुढचा भाग चहूबाजूंनी मोकळा होई. घरच्या अंगणात काम करणाऱ्याला याहून सोयीची रचना क्वचितच सापडेल. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स मोटार याच हेराल्डच्या यंत्रणेवर बेतलेली होती. दोहोंच्या पुढच्या चाकांच्या आधाररचनेत, म्हणजे सस्पेन्शनमध्ये, ट्रनियन नावाचा पितळी जातीच्या धातूचा एक सांधा असतो; चाक वळते तेव्हा उभा दांडा या सांध्यातील आट्यांत फिरतो. येथे ग्रीस न भरता गिअरचे जाड तेल भरावे, असा निर्मात्याचा आग्रह होता, कारण घट्ट झालेल्या ग्रीसमागे पाणी साचून आटे गंजतात आणि दांडा तुटून चाक कोलमडते. पावसाळ्यातील चार महिने पाण्यातून जाणाऱ्या कोकणपट्टीतील गाडीच्या बाबतीत ही सूचना जीवनमरणाची होती, आणि ग्रीसगनने सर्व निपल भरत सुटण्याची गॅरेजची सवय या एका ठिकाणी घातक ठरे.

घरी काम करणाऱ्याची खरी परीक्षा मात्र पान्यांच्या डब्यात होती. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेली ५५ अंशांच्या आट्यांची पद्धत ब्रिटिश यंत्रांत शतकभर चालली. तिच्या पान्यावरील आकडा बोल्टच्या डोक्याची रुंदी सांगत नाही, तर बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, म्हणून पाव इंची व्हिटवर्थ पाना प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिलिमीटर उघडा असतो. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित आटे स्वीकारल्यावर एमजीएसारख्या नव्या गाड्यांत निराळे इंची पाने आले. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत घेतली, आणि मुंबईत तर प्रीमियरच्या फियाटमुळे मिलिमीटरचे पाने प्रत्येक टॅक्सीवाल्याकडे होते. त्यामुळे घाईच्या वेळी व्हिटवर्थ बोल्टवर तेराचा किंवा चौदाचा पाना लावून त्याचे कोपरे गोल करून टाकण्याचे प्रकार सर्रास घडत.

एमजी टीसीच्या एंजिनाने या गोंधळात स्वतःची भर घातली होती. मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना विकत घेतला होता. तेथील यंत्रे मिलिमीटरच्या आट्यांची होती, पण ग्राहकांच्या घरी ब्रिटिश पाने असल्याने बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची ठेवण्यात आली. परिणामी या एंजिनातील ८ मिलिमीटरच्या बोल्टवर १ मिलिमीटर अंतराचे बारीक आटे असतात, तर बाजारात सहज मिळणाऱ्या ८ मिलिमीटरच्या बोल्टवर ते अंतर १.२५ मिलिमीटर असते. कुर्ल्याच्या फियाटचा बोल्ट पहिला फेरा घेतो आणि पुढे ॲल्युमिनियमचे किंवा बिडाचे आटे फाडतो. योग्य बोल्ट न मिळाल्यास तो टर्नरकडून लेथवर कापून घेणे एवढाच मार्ग राहतो, आणि अशा एकेका नगाचे काम आनंदाने स्वीकारणारा टर्नर मालकाला आप्तासारखा जपावा लागतो.

मुंबईत घरच्या दुरुस्तीचा अर्थही इंग्लंडपेक्षा वेगळा होता. तेथे मालक स्वतः आठवड्याच्या सुट्टीत गॅरेजमध्ये पुस्तक उघडून काम करी. येथे सदनिकेला गॅरेज नाही, त्यामुळे इमारतीच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला गाडी उभी असे, रविवारी ओळखीचा मिस्त्री घरी येई, मालक फिलर गेज धरून शेजारी बसे आणि झडपांच्या टॅपेटमधील फट पत्र्याच्या पात्याने मोजली जाई. एमजीएसाठी सुरुवातीला ती फट इंचाच्या १७ सहस्रांशांएवढी सांगितलेली होती. ऑपेरा हाउस आणि ग्रँट रोडच्या भागात नवे सुटे भाग, भेंडीबाजाराजवळच्या चोर बाजारात जुने दिवे व मीटर, कुर्ल्याच्या भंगारात सांगाडे आणि डिफरन्शियल, अशी बाजाराची विभागणी होती. विद्युत यंत्रणेची अडचण तुलनेने कमी होती, कारण लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्ये मद्रासला सुरू झाल्यापासून लुकासचे डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटर हे भारतीय वायरमनच्या रोजच्या हाताखालचे भाग झाले. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की १९६७ पूर्वीच्या एमजीमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि उलट जोडणी केल्यास नुकसान होते. टीसीच्या शरीराची चौकट ॲश नावाच्या विलायती लाकडाची असते. ते येथे मिळत नाही, पण सागवान आणि ते जोडणारा कुशल सुतार या दोन्ही गोष्टी कोकणपट्टीत दुर्मीळ नाहीत.

१९९० नंतर आयातीची बंधने सैल झाली आणि इंग्लंडमधून नवे केलेले भाग मागवता येऊ लागले, तरी खर्च आणि जकात पाहता खाडीपलीकडच्या गाळ्यांचे महत्त्व घटले नाही. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि फियाट टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. भावंडांच्या अंगावरून भाग काढण्याचा जुना मार्ग त्यामुळे अरुंद झाला, आणि नमुना पुढे ठेवून एकेक भाग नव्याने घडवण्याची गरज वाढली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी ठरवून दिली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, मात्र प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी नेता येते. कायद्याने दुरुस्तीच्या फेरीला स्पष्ट शब्दांत जागा दिली, ही बाब स्वागतार्ह आहे.

इंधनाने या गाड्यांपुढे दोनदा नवे काम उभे केले. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशाचा थर बिडाच्या हेडमधील झडपांच्या बैठकींचे संरक्षण करीत असे, तो गेल्यावर एक्झॉस्ट झडप हळूहळू हेडमध्ये रुतू लागते, टॅपेटची फट नाहीशी होते आणि झडप जळते. यावर उपाय म्हणजे हेड यंत्रावर चढवून कठीण पोलादी कडी बसवणे, आणि हे काम हेडचे बोअरिंग करणारा कोणताही चांगला गाळा करू शकतो. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे पंपाचे जुने पडदे, रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची सीले फुगतात किंवा चिरतात, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची पत्र्याची टाकी आतून गंजते. या रबराच्या जागी फ्लोरिनयुक्त रबर वापरावे लागते, जे रासायनिक कारखान्यांच्या पंपांसाठी पूर्वीपासून लागते. म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्याचे साचेकाम जाणणारे कारागीर आहेत. एसयू कार्बोरेटरच्या जेटखालील सील मोजून, जुना नग नमुन्यासाठी देऊन, साच्याचा खर्च पाच-सहा मालकांत वाटून घेतला, तर ते थोड्या संख्येनेही करून घेता येते. फक्त नग हाती येताच तो प्रथम पेट्रोलने भरलेल्या काचेच्या बरणीत काही आठवडे बुडवून ठेवावा आणि माप पुन्हा घेऊनच गाडीत बसवावा.