छाप पुसली की खाली काय निघतं? नकली चिपची जुनी गोष्ट

आजचा प्रश्न तुमच्याकडूनच आलाय. "ऑनलाइन मागवलेला आयसी खरा की खोटा, कसं ओळखायचं?" युक्त्या पाच मिनिटांत सांगून होतील. पण प्रत्येक युक्तीला समोरच्यानं तोड काढलेली आहे, आणि ती कशी काढली हे कळल्याशिवाय युक्ती फार दिवस पुरत नाही. म्हणून आधी थोडा इतिहास.

नकली आयसी म्हटलं की डोळ्यांसमोर कुठला तरी चोरटा कारखाना येतो. पण खूपदा आतला तुकडा कुठल्यातरी बऱ्या कंपनीनंच बनवलेला असतो. फक्त तो जुना असतो, वापरलेला असतो, नाहीतर स्वस्तातला असून वर महागड्याचं नाव चढवलेलं असतं. गुरांच्या बाजारात शिंगं घासून, तेल लावून म्हातारी म्हैस तरणी म्हणून उभी करतात ना, तसंच. म्हैस खरी, वय खोटं.

हा धंदा चिपच्याही आधीचा आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत घरोघरी टीव्ही आले. तेव्हा टीव्हीत काचेचे व्हॉल्व्ह असायचे आणि ते सतत जायचे. दुरुस्तीवाल्यानं काढून टाकलेले व्हॉल्व्ह कोणीतरी गोळा करायचं, काच धुवायचं, जुना शिक्का पुसून नवा मारायचं आणि नव्या खोक्यात घालून परत विकायचं. शेवटी दुरुस्तीवाल्यांना सांगावं लागलं की जुना व्हॉल्व्ह फोडूनच टाका.

आता आपल्या शेजारी या. मी कामोठ्यात राहतो. इथून जवळच्या तळोजा एमआयडीसीत भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ मध्ये कारखाना टाकला, तो टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची काच बनवण्यासाठी. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पिक्चर ट्यूब हे या सगळ्या प्रकरणातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे. ट्यूबची काच वर्षानुवर्षं टिकते, मरते ती मागची इलेक्ट्रॉन गन. मग काय करायचं? ट्यूबची मान कापायची, नवी गन बसवायची, आतली हवा काढून परत सील करायचं. गिऱ्हाइकाला हे सांगून विकलं तर ती झकास दुरुस्ती. "नवी आहे" म्हणून विकलं तर फसवणूक. ट्यूब तीच, कारागिरी तीच. गुन्हा फक्त लेबलात.

तळोज्यातून आता लॅमिंग्टन रोडला जाऊ. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं कोणी म्हणत नाही. मानसरोवरहून हार्बर पकडायची, कुर्ल्याला बदलायची, दादरला परत बदलून ग्रँट रोडला उतरायचं. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "ओरिजिनल चाहिए या चायना?" मला हा प्रश्न प्रामाणिक वाटतो. निदान दोन भाव आहेत हे तरी तोंडावर सांगितलं जातं. भानगड होते ती चायना माल ओरिजिनलच्या भावात येतो तेव्हा.

याचा जुना बळी म्हणजे २एन३०५५. धातूची टोपी घातलेला, दोन पायांचा दणकट ट्रान्झिस्टर. आरसीए कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, मंडपातले अ‍ॅम्प्लिफायर, सगळीकडे हाच. कागदावर १५ अँपिअर आणि ११५ वॅट. नकलीत टोपी तीच, पण आत सिलिकॉनचा एवढासा तुकडा. गंमत म्हणजे मीटरवर तो पास होतो! गणपतीत आरतीपर्यंत अ‍ॅम्प छान वाजतो, रात्री आवाज वाढवला की धूर. म्हणून जुने लोक दहा घेतले की एकाची टोपी करवतीनं कापून आत बघायचे. एक गेला तरी चालेल, नऊंचा भरवसा हवा.

पुढे आयसी आले आणि टोपी कापायची सोय गेली. नंतर जगभरचा ई-कचरा चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात ग्वियू नावाच्या गावी जमायला लागला. बोर्ड निखाऱ्यावर तापवायचे, आपटून चिप पाडायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, वरची छाप घासून काळा रंग मारायचा आणि नवं नाव, नवी तारीख छापायची. हे वाचून "चीनवाले!" म्हणून नाक मुरडायच्या आधी आठवा, आत्ता तुम्ही कुर्ल्याला गाडी बदललीत. त्याच कुर्ल्याच्या आणि साकीनाक्याच्या भंगारगल्ल्यांत मुंबईचा ई-कचरा वर्षानुवर्षं हातानं फोडला गेलाय. आपल्याकडे ई-कचऱ्याचे वेगळे नियम लागू झाले ते थेट १ मे २०१२ पासून.

त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटच्या संरक्षणविषयक समितीचा अहवाल आला. लष्करी पुरवठ्यात संशयित नकली भागांची सुमारे १,८०० प्रकरणं, एकूण भाग दहा लाखांहून जास्त. त्यातलं एक प्रकरण पी-८ए पोसायडन या नौदलाच्या विमानाचं. आपल्या नौदलाचं पी-८आय याच घराण्यातलं. बर्फ साचल्याची सूचना देणाऱ्या उपकरणातला एक भाग सॉकेटमधून सुटून आत खडखडत होता. विमान नवं कोरं, भाग मात्र वापरलेला, नव्यासारखा रंगवलेला.

आणि आता माझा लाडका किस्सा. अमेरिकेच्या सरकारी लेखातपासणी खात्यानं एक खोटी कंपनी काढली आणि इंटरनेटवरून १६ भाग मागवले. काही दुर्मीळ, बंद पडलेले. काहींवर उत्पादन थांबल्यानंतरची तारीख मागितली. आणि चार तर असे की ते नंबर जगात अस्तित्वातच नव्हते, यांनीच मनानं रचलेले. सोळाच्या सोळा घरपोच आले. नसलेले चारसुद्धा!

विमानापासून गल्लीतल्या रिपेअरवाल्यापर्यंत सगळे एकाच जागी अडकतात, ते इथे. भाग बनायचा बंद होतो, पण मशीन चालूच असतं. आमच्या कामोठ्यात वीस वर्षं जुन्या इमारती आहेत. तशा एखाद्या लिफ्टच्या कंट्रोल कार्डावरचा आयसी गेला आणि कंपनीनं तो कधीच बंद केलेला असला, तर मेकॅनिक काय करणार? कुठून तरी मिळवणार. बोर्डावरून काढलेला चांगला आयसी मिळाला आणि तसं सांगून मिळाला, तर मी आनंदानं लावीन. पण त्याच्यावर नवी तारीख छापली असेल, तर तो किती तापलाय, किती वर्षं चाललाय, हे कळायचा रस्ताच बंद. आणि लिफ्टमध्ये शेजारच्या आजी असतात.

बरं, आता युक्त्या. कापसाला अ‍ॅसिटोन लावून छाप घासा. काळा रंग बोळ्यावर आला तर समजा. अ‍ॅसिटोन पटकन पेटतं, गॅसजवळ नको. मात्र ही युक्ती जगजाहीर झाल्यावर अ‍ॅसिटोनला दाद न देणारे लेपही आले. मग भिंगातून, म्हणजे मोबाइलच्या झूमनंसुद्धा, पहिल्या पायाजवळचा गोल खळगा बघा. खऱ्यात तो सहसा स्वच्छ असतो, घासलेल्यात उथळ किंवा रंगानं बुजलेला. पृष्ठभागावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे आहेत का? पाय नव्यानं कथिलात बुडवल्यासारखे दिसतात का? तारखेचा कोड वाचा. बऱ्याच कंपन्यांत १४२३ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. शेवटचे दोन आकडे ६१ असतील तर हसून परत करा.

सगळं दिसण्यावर मात्र सोडू नका. एफटी२३२ ही यूएसबीची चिप घ्या, आर्डुइनोवाल्यांना माहीत असेल. तिच्या नकलेत जुना माल रंगवलेला नव्हता, आत चक्क वेगळीच चिप होती, खरीसारखी वागणारी. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मूळ कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्यानं नकली चिपची ओळखच शून्य करून टाकली. लोकांची यंत्रं मुकी झाली. चोर सापडला नाही, गिऱ्हाईक मात्र सापडलं. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. नकलेवर माझा राग आहे, पण हा उपाय मला आजही पटत नाही.

पॉवर बँक स्वतः जोडणाऱ्यांसाठी शेवटचं. १८६५० सेलवर "९९०० एमएएच" लिहिलेलं दिसलं तर ते प्लास्टिकचं वेष्टन बोलतंय, सेल नाही. या आकाराचे चांगले सेल साधारण ३५०० च्या आसपास थांबतात, आणि त्यांचं वजन पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. तीस ग्रॅम भरला तर आत काय भरलंय ते शोधायला सेल फोडू मात्र नका, लिथियम पेट घेतं. दुकानदाराला परत द्या, नाहीतर ई-कचऱ्यात द्या.

पुढच्या भागात फुगलेले कपॅसिटर. तोवर तुमच्याकडचे संशयित फोटो पाठवा, तारखेचा कोड दिसेल असे!