भूजल पातळीचा नकाशा कसा तयार होतो? समजून घ्या भीमा-सीना खोऱ्यातून

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात कुठे टँकर लागू शकतात, याचा पहिला अंदाज ऑक्टोबरमध्येच बांधला जातो. त्याला आधार असतो विहिरींच्या पाणीपातळीचा.

हे काम राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. गावोगावच्या ठरावीक 'निरीक्षण विहिरीं'ची पातळी ती जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. पद्धत साधी आहे. काठावरच्या खुणेपासून टेप सोडायची, पाणी किती खाली लागलं ते टिपायचं आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. ऑक्टोबरचा आकडा मागच्या 5 वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात.

पण नुसती खोली पुरत नाही. समजा, एका विहिरीजवळची जमीन समुद्रसपाटीपासून 480 मीटर उंच आहे आणि पाणी 9 मीटर खाली आहे. म्हणजे पाण्याची उंची 471 मीटर. दुसरीकडे जमीन 460 मीटरवर, पाणी 4 मीटर खाली. म्हणजे 456 मीटर. दुसरी विहीर जास्त भरलेली वाटते, पण भूजलाचा उतार पहिलीकडून दुसरीकडे आहे. सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले की हा उतार नकाशावर दिसतो.

खरी अडचण आहे खडकाची. इथे जमिनीखाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे एका बांधावरची विहीर भरलेली आणि शेजारची कोरडी, असं सर्रास घडतं. दोन निरीक्षण विहिरींच्या मधली रेषा मात्र अंदाजानेच काढलेली असते! त्यात उजनीच्या कालव्यांलगत पाझरामुळे पातळी वर राहते. अशी एखादी विहीर नमुन्यात आली, तर आजूबाजूचा कोरडा भागही नकाशावर ओला दिसू शकतो.

शिवाय उघड्या विहिरीत दिसतं ते वरच्या थरातलं पाणी. खोल बोअर ज्या भेगांतून पाणी ओढते, त्यांची स्थिती वेगळी असू शकते. त्यासाठी पिझोमीटर, म्हणजे फक्त मोजमापासाठी घेतलेली बोअर लागते. तुमच्या गावाचा नकाशा पाहताना म्हणूनच तीन गोष्टी विचारा: मोजणी कोणत्या महिन्याची, जवळची निरीक्षण विहीर किती लांब आणि आकडा विहिरीचा की बोअरचा?