नर्सने उत्तर द्यावे का? आयडाहोतील एका खटल्याची गोष्ट

थ्रेड : रुग्णालयात खाटेवरून विचारलेला प्रश्न बहुधा डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. डॉक्टर राउंडला येतात आणि निघून जातात. मनातली शंका बाहेर पडते ती रात्रपाळीच्या सिस्टरसमोर. अशा शंकेला उत्तर दिल्याबद्दल एका परिचारिकेचा परवाना निलंबित झाला होता. ही त्याची हकीकत.

मार्च १९७६. अमेरिकेतील आयडाहो राज्य, ट्विन फॉल्स गाव. जोलीन टुमा तेथील महाविद्यालयात परिचर्या शिकवीत असे. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका स्त्रीला केमोथेरपी द्यायची होती आणि ते काम टुमाने विद्यार्थिनीला शिकवण्यासाठी मागून घेतले होते. डॉक्टरांनी आजाराची कल्पना दिली होती, रुग्णाची संमतीही होती. पण औषध देण्याची वेळ आली तेव्हा ती स्त्री घाबरली. दुसरा काही उपाय आहे का, असे तिने विचारले.

टुमाने उत्तर दिले. केमोथेरपीचे दुष्परिणाम, नैसर्गिक आहार, वनौषधी आणि त्या काळी बराच गाजावाजा झालेले लेट्रिल, अशा सगळ्यांविषयी ती बोलली. संध्याकाळी येऊन मुलाला व सुनेलाही हे सांगावे, अशी गळ रुग्णाने तिला घातली. घरच्यांकडून ही गोष्ट डॉक्टरांच्या कानी गेली. रुग्णाने अखेर केमोथेरपी घेतली, मात्र पंधरवड्यातच तिचा मृत्यू झाला. टुमाची नोकरी गेली. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संबंधांत तिने हस्तक्षेप केला असे ठरवून राज्याच्या परिचर्या मंडळाने तिचा परवाना ६ महिन्यांसाठी निलंबित केला.

हा ठपका नीट समजायचा तर थोडे मागे जावे लागते. १८९३ मध्ये डेट्रॉइटच्या फॅरंड प्रशिक्षण शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने परिचारिकांसाठी एक शपथ तयार केली. तिला नाव दिले नाइटिंगेलचे, जरी ती नाइटिंगेलने लिहिलेली नव्हती. रुग्णाची गुपिते राखणे आणि डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करणे ही कर्तव्ये तीत होती. रुग्णाला माहिती देण्याचे कर्तव्य नव्हते. पुढच्या पिढ्यांची शिस्त याच चौकटीत घडली. परिचारिकेने उशी सारखी करावी, ताप मोजावा, आणि प्रश्न आला की ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणावे.

आणि डॉक्टर तरी काय सांगत होते? १९६१ मध्ये डोनाल्ड ओकन यांनी शिकागोतील एका रुग्णालयाच्या डॉक्टरांची पाहणी केली. सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगणेच पसंत करीत होते. मग परिचारिकेच्या गप्प राहण्याचा अर्थ काय उरतो? रुग्णाच्या खोलीत येणारा प्रत्येक जण जाणतो, फक्त रुग्ण जाणत नाही.

१९७० च्या दशकात हे बदलू लागले. १९७२ च्या कँटरबरी विरुद्ध स्पेन्स खटल्यात न्यायालयाने उपचारांतील धोके रुग्णाला सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांवर टाकली. १९७३ मध्ये अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने रुग्णहक्कांची सनद काढली. पण बारकाईने वाचले तर त्या सनदेतही माहिती मिळवायची ती डॉक्टरांकडूनच! टुमा अडकली ती नेमक्या या फटीत.

टुमाला सरळसरळ नायिका करण्याचा मोह मला होत नाही. लेट्रिल कर्करोगावर निरुपयोगी असल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. शिवाय डॉक्टरांना न कळवता असे बोलणे रुग्णाला दोन दगडांवर उभे करणारे होते. परंतु घाबरलेल्या माणसाने प्रश्न विचारल्यावर ‘मला सांगता येणार नाही’ म्हणणे हीच सचोटी, हेही मला पटत नाही.

प्रकरण आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७९ मध्ये निकाल टुमाच्या बाजूने लागला, पण कारण वेगळेच होते. कायद्यात ‘अव्यावसायिक वर्तन’ हा शब्द होता. कोणते वर्तन तसे ठरेल, याची पूर्वसूचना मिळेल इतकी स्पष्ट व्याख्या मात्र नव्हती. म्हणून निलंबन रद्द झाले. परिचारिकेने रुग्णाला पर्याय सांगावेत की नाही, या मूळ प्रश्नावर न्यायालयाने निर्णय दिलाच नाही.

त्याच वर्षी ओकन यांचीच प्रश्नावली घेऊन झालेल्या नव्या पाहणीत ९७ टक्के डॉक्टरांनी निदान रुग्णाला सांगणे पसंत असल्याचे नोंदवले.